उलटवलेली कॉलर

"शिंप्याच्या पोटी जन्मून फाटक्या कॉलरीनं दुकानात बसतोस? त्यापेक्षा उघडा बस. लोकांना निदान वाटेल, उकडतंय!"

माईनं हे आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं आणि सुईत दोरा ओवला. पुढच्या खोलीत दुकान, मधे नुसता पडदा. पलीकडे लेकाचं मशीन क्षणभर थांबलं, पुन्हा चालू झालं. उत्तर तो गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायचा.

थोड्या वेळानं पोस्टातल्या बाई मुलाची पँट न्यायला आल्या.

"अहो, तुमचीच कॉलर केवढी विरलीय!"

"चालायचंच, ताई." त्यानं मान खाली घातली आणि विरलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "पोरगी कॉलेजात शिकतेय. तिचं झालं की मग आपलं बघू."

"असा बाप मिळायला नशीब लागतं हो."

पडद्याआड माईनं दोरा दातानं तोडला. झीज काय एकट्या त्याचीच होत होती? सून चार घरची धुणी धरून हात सोलून घेत होती. माईच्या पाटल्या कधीच मोडीत गेल्या होत्या, कुणी विचारलंच तर ती म्हणे, "टोचायच्या मेल्या." ओढाताण सगळ्या घराची होती, पण ती पडद्याच्या आत होती. तिला उचलून दुकानाच्या दाराशी मांडणारा हा एकटाच निघाला.

त्याच दुपारी नात वसतिगृहातून आली. माई तिला ठकी म्हणायची. सणवार नाही, सुट्टी नाही, आणि काखेत अंथरुणाची वळकटी.

"अंथरूण कशाला आणलंस गं? तिथं काय उभ्यानं झोपायचं ठरलंय?"

ठकी हसली नाही. वळकटी तिनं कोपऱ्यात ठेवली, आजीजवळ बसली आणि पुढ्यातल्या डब्यातली बटणं निवडू लागली. पांढरी एकीकडे, काळी एकीकडे.

"मी नाही जाणार परत."

"नापास झालीस?"

"पहिली आलेय." तिनं एक बटण चुकीच्या ढिगात टाकलं, पुन्हा उचललं. "बाबा दर महिन्याला वसतिगृहात येतात. हाच शर्ट घालून. मुलींना सांगतात, आम्ही घरी एक वेळ जेवतो."

"एक वेळ! काल तीनदा भात घेतला मेल्यानं."

"परवा माझ्या मैत्रिणीच्या आईनं त्यांना आपल्या नवऱ्याचा जुना शर्ट दिला. बाबांनी घेतला, आजी. दोन्ही हातांनी. मला आता तिथं घास उतरत नाही. इथंच काजं करीन तुझ्याबरोबर."

माईनं तिच्यापुढचा बटणांचा डबा ओढून घेतला आणि झाकण लावलं.

रात्री लेक जेवून आडवा झाला, तेव्हा तिनं खुंटीवरचा शर्ट काढला. डोळे अधू झाले होते, तरी बोटांना सगळं पाठ होतं. कॉलर उसवायची, उलटवायची, विरलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायची. शर्ट नव्यासारखा दिसतो. धंद्यातलं हे पहिलं शिक्षण; लेकाला ते तिनंच दिलं होतं. एवढं केलं की बोलायला विषयच उरणार नाही, असं तिला वाटलं. शर्ट तिनं गुपचूप खुंटीला लावला.

सकाळी पडदा सारून ती दुकानात आली. लेक मशीनवर होता आणि कॉलर पुन्हा विरलेली होती.

ती वाकली. कॉलर चिमटीत धरून तिनं कड चाचपली. रात्री तिनं घातलेला एकेक टाका उसवलेला होता. कॉलर पुन्हा पहिल्यासारखी बसवली होती, शिलाई सरळ, दोऱ्याचं एकही टोक लोंबत नव्हतं. लबाडी केली, तीही सफाईनं. तिला किळस आली ती त्या सफाईची. जिवंत पाल हाती लागावी तशी तिनं कॉलर सोडली आणि बोटं पदराला पुसली.

तेवढ्यात पोस्टातल्या बाई पँट आखूड करायला घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आई, गिऱ्हाईक आलंय," तो पुटपुटला.

"येऊ दे. त्यांच्यासाठीच तर उसवलीस."

बाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"अगं आई, पोरीसाठीच ना हे..."

"पोरगी आत बसलीय. कॉलेज सोडून आलीय. का, ते विचारलंस तिला?"

पडदा हलला. ठकी तिथं उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचा हात सवयीनं कॉलरकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग तो हात कुठं ठेवावा, हे त्याला सुचेना. माईला ते दिसलं. तिनं आवाज चढवला नाही.

"बाप लेकराला खांद्यावर घेतो, ते लेकराला लांबचं दिसावं म्हणून. तू घेतलंस, ते लोकांना तुझा खांदा दिसावा म्हणून. उतरव तिला. उद्या ती परत जाईल आणि यापुढे तिला भेटायला मी जात जाईन. तू दुकानात बस."