दोन नाकांचं खुराडं

माहेरी ती सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. लग्न झालं, केसांत पांढरं डोकावू लागलं, तरी नाव तेच राहिलं. बेकरीत मात्र तिला सगळे ‘नाक’ म्हणायचे. भट्टीचं दार न उघडता, लांब मैद्याच्या पोत्यांपाशी उभी राहून ती सांगायची की आतला पाव झाला किंवा अजून जरा राहिलाय. मालक घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघायचा.

मग एकदा जबरदस्त ताप आला. ताप उतरला, सर्दीही गेली, पण जाताना वास घेऊन गेली. चहा म्हणजे नुसतं गरम गोड पाणी, साबण म्हणजे नुसता बुळबुळीत तुकडा. ती कामावर परतली आणि पहिल्याच आठवड्यात भट्टीसमोर उभी असताना तिच्या डोळ्यांदेखत पावांचा अख्खा घाणा करपला. धूर दिसला तेव्हा कळलं. मालकाने जा म्हटलं नाही, तिनेच ॲप्रन काढून खुंटीला लावला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी ते सांगता येत नाही. ती घरी बसली.

अशात नणंदेने एका इमारतीत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिच्याकडच्या कोंबड्या काही लिफ्टने वर जाणार नव्हत्या. “वहिनी, तुझा वेळही जाईल,” म्हणत तिने खुराड्यासकट त्या आणून मागच्या अंगणात ठेवल्या आणि मोकळी झाली.

धाकटीला कोंबड्यांचं ओ का ठो माहीत नव्हतं, पण हाती घेतलेलं काम अर्धवट सोडण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने कापलेलं गवत वाळवून खुराड्यात छान जाड पसरलं. वरचं घाण झालं की त्यावर नवं गवत टाकायची. वरून बघावं तर सोनेरी गादीच. ती खूश होती. कोंबड्या अंडी देत होत्या, नवरा मुकाट्याने आम्लेट खात होता. हल्ली तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचा आणि स्वयंपाकघराची मागची खिडकी लावून घ्यायचा, एवढंच. बस चालवून दमलेला माणूस, वाऱ्याचा कंटाळा आला असेल, असं तिला वाटलं.

एक दिवस भिंतीपलीकडच्या शिवणकामवाल्या काकू दारात आल्या. काकू बोलायला फटकळ, पण विनाकारण कुणाच्या वाटेला जाणाऱ्या नव्हत्या.

“भांडायला नाही आले,” त्या म्हणाल्या. “पण लग्नाचे कपडे आहेत माझ्याकडे शिवायला. त्यांना तुझ्या खुराड्याचा वास लागतोय. काल एक बाई ब्लाउज हुंगून परत ठेवून गेली.”

“वास?” धाकटी म्हणाली. “कसला वास?”

तिने खरंच विचारलं होतं. काकूंना वाटलं, ही आपली थट्टा करतेय. त्यांचा चेहरा उतरला. “राहिलं,” एवढंच म्हणून त्या मागे फिरल्या.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने त्याला सरळ विचारलं. तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वास कित्येक दिवस येत होता. डोळ्यांत पाणी यावं असा. सांगितलं तर तिला पुन्हा ते करपलेलं आठवेल, पुन्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहील, म्हणून त्याने सोसलं होतं.

धाकटीला आधी रडू आलं आणि मग राग. “मला लोकांसमोर तोंडघशी पाडलंस,” ती म्हणाली. “मला नाक नाही, तुला आहे. ते खिडकी लावायला नाही दिलेलं. मला सांगायला दिलंय.”

तो खाली मान घालून म्हणाला, “चुकलं.” मग जरा थांबून, “फार घाण वास येतो गं.” आणि दोघंही नको तिथे हसली.

सुट्टीच्या दिवशी तिने खुराडं रिकामं करायला घेतलं. वरची सोनेरी गादी फावड्याने उचलली आणि खाली बघून कपाळाला हात लावला. गवत दाबून दाबून त्याची चटई झाली होती. तिच्याखाली काळं, ओलं, बुरशीने पांढरं पडलेलं, आणि हात लावला तर गरम. नवरा तोंडाला रुमाल बांधून दोनदा बाहेर पळाला. तिला नाकाने काही कळेना, डोळे मात्र झोंबू लागले. तेव्हा तिने कोंबड्यांकडे नीट पाहिलं. त्यांचे डोळेही ओले होते, एक तर अर्धवट मिटूनच बसली होती. या बिचाऱ्या तक्रार कुणाकडे करणार?

गवत नको हे नक्की झालं. ती कोपऱ्यावरच्या सुताराकडे लाकडाचा भुसा मागायला गेली. त्याने हवं ते घेऊन जा म्हटलं, फक्त प्लायवूडच्या ढिगाला हात लावू नको, त्यात गोंद असतो, असं बजावलं. तिने करवतीखालचा भुसा भरला, मैद्यासारखा मऊ होता म्हणून. कोंबड्यांनी तो पायांनी उकरला आणि खुराड्यात धुळीचा लोट उठला. दोन दिवस सगळ्या शिंकत होत्या. कोंबडी शिंकते हे नवऱ्याला तोवर ठाऊक नव्हतं, तो दर वेळी इकडेतिकडे बघायचा. पुन्हा सगळं काढलं. या खेपेला तिने रंधा मारताना निघणाऱ्या, गुंडाळी झालेल्या पातळ साली आणल्या आणि वीतभर जाडीचा थर दिला. नवऱ्याने छपराखालची एक फळी काढून तिथे जाळी ठोकली, म्हणजे दमट हवा वरून निघून जाईल. पाण्याचं भांडं विटांवर चढवलं.

उरला प्रश्न नाकाचा. नवरा पहाटे ड्युटीवर जायचा, दिवसभर सांगायचं कुणी? धाकटी मन घट्ट करून काकूंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. ताप, बेकरी, करपलेला घाणा. काकूंनी मशीनवरचा पाय काढला.

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस? मी आठवडाभर तुला शिव्या घालतेय मनातल्या मनात.”

“काकू, एक मागू? रोज सकाळी भिंतीपाशी येऊन नुसतं सांगायचं. वास आहे की नाही.”

काकू म्हणाल्या, “माझं नाक तसंही सगळीकडे खुपसलेलं असतं, असं आमचे हे म्हणतात. आता कामाला तरी लागेल.”

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवर काकूंचं डोकं उगवायचं. “आज ठीक.” “आज उजवीकडून जरा.” धाकटी तिकडे दाताळं फिरवायची, ओलं झालेलं काढायची, कोरड्या साली घालायची. मूठभर दाणे थरात पुरून ठेवले की कोंबड्याच सगळा थर वरखाली करतात, हेही तिच्या ध्यानात आलं. आणि आणखी एक झालं. ती साली मुठीत आवळून बघू लागली. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर पाणी जास्त, भुरभुर सुटला तर ठीक. कणीक हाताला कळते तसंच हे. काकूंच्या आधी तिचा हातच सांगू लागला, आणि बहुतेक वेळा दोघींचं जमायचं. कोंबड्यांचे डोळे स्वच्छ झाले. लग्नाचे कपडे बिनवासाचे पोचते झाले.

थंडी सरता सरता एका सकाळी ती गुडघ्यांवर बसून थर उलटत होती. मागच्या कोपऱ्यात दाताळं गेलं आणि तिच्या नाकात आत कुठेतरी काहीतरी टोचलं. आंबूस, तिखट, नुसती एक रेघ. ती तशीच राहिली. श्वास सोडायला घाबरली. पुन्हा घेतला. होतं. कोपऱ्यातल्या साली उचलून नाकापाशी धरल्या.

“काकू,” तिने हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “आज मागच्या कोपऱ्यातून येतोय का?”

भिंतीवर डोकं उगवलं. काकूंनी दोनदा हुंगलं. “येतोय. पण फार नाही. तुझ्या हाताला कळलं?”

“हाताने नाही.”

काकूंना कळलं. मग हातात होतं त्या कापडाने त्यांनी डोळे पुसले, आणि ती गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही होती हे दोघींच्याही उशिरा लक्षात आलं.

कोपऱ्यातल्या पाण्याच्या भांड्याला बारीक चीर गेली होती, तिथून पाणी झिरपत होतं. ते बदललं. त्या दिवशी धाकटीने घरभर फिरून जे हाताला लागेल ते हुंगलं. चहा नाही, साबण नाही, नवऱ्याचा शर्टही नाही. जगातल्या सगळ्या वासांतून परत आला तो कोंबडीच्या विष्ठेचा. संध्याकाळी नवऱ्याला सांगताना ती हसून हसून बेजार झाली, आणि तो म्हणाला की शर्टाचा आला नाही तेच बरं, आज बस फार तापली होती.

पुढच्या महिन्यात कांद्याचा आला, मग रॉकेलचा. बाकीचे अजून यायचेत. बेकरीत ती सकाळी दोन तास जाते. भट्टीपाशी नाही, कणीक मळायला. निघण्याआधी खुराड्यात डोकावते, मूठ आवळून बघते, आणि काकूंसाठी थांबते. आता तशी गरज नाही, पण काकू ऐकत नाहीत. भिंतीपलीकडे त्यांनी जुन्या सालींचं खत घालून भोपळ्याचा वेल लावलाय, आणि त्याला किती पानं फुटली हे सांगितल्याशिवाय त्या तिला सोडत नाहीत.