ब्रदर अनासेतोचा पांढरा काटा

"पंच्याण्णव!"

सिस्टर लुदिविनाने आकडा पुकारला आणि बास्केटबॉलच्या मैदानावर दाटीवाटीने बसलेल्या तीनशे माणसांनी पटकन माना खाली घातल्या. दांडीच्या पांढऱ्या काट्यावर मानाय कोन्सोर्सिया उभी होती; मानाय म्हणजे ताई. पाच नातवंडांची आजी, पण चोरी करताना पकडल्यासारखी पदराशी चाळा करावा तशी झग्याची कड चिवडत होती. बाईमाणसाचं वजन चारचौघांत ओरडून सांगतात, तेव्हा वर बघायची कुणाची छाती होणार?

"लाजू नका, बायांनो!" ब्रदर अनासेतोने हात पसरले. पांढरा झगा, गळ्यात भला मोठा क्रूस, आवाज असा की मैदानावरचं पत्र्याचं छप्पर दणाणावं. "दुःख आहे ते! बाईचं दुःख चरबी होऊन साठतं आणि पुरुषाचं दुःख हाडं पोखरतं. वर वाढताना जरा गडबड झाली हो! एकीचं ताट सांडतंय, दुसऱ्याचं रिकामं. मी कोण? मी नुसता वाढपी. इकडचं काढतो, तिकडे वाढतो!"

कोन्सोर्सिया फळीवर आडवी झाली. ब्रदरने कापसाचा बोळा घेऊन तिच्या पोटाची कणीक तिंबावी तशी तिंबली. बोटांखालून लाल पाणी ओघळलं आणि मग सुरी नाही, टाका नाही, हातात आला चरबीचा पिवळाजर्द लोळा! बायांनी छातीवर क्रूस काढले. लोळा परातीत पडला, पोट पुसलं, पोटावर ओरखडासुद्धा नाही.

"पंच्याऐंशी!" सिस्टरने काट्यावरून पुकारलं.

दहा किलो! एका बैठकीत! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कोन्सोर्सिया ढसाढसा रडत ब्रदरच्या हाताचे मुके घेऊ लागली.

मागच्या खांबाला टेकून हर्मिनिया हे सगळं पाहत होती आणि तिचा चेहरा लाजेने तापला होता. ती गावची आरोग्यसेविका. अकरा वर्षं ती गावातल्या पोरांची वजनं करत आली होती, घरोघरी जाऊन पाणी उकळा, लस टोचून घ्या, भोंदूंच्या नादी लागू नका, असं सांगत आली होती. अशी बाई हे सोंग बघून गप्प का उभी? कारण तीन आठवड्यांपूर्वी, शेजारच्या बांतिगे गावात, डोक्यावर रुमाल ओढून, ती स्वतः त्याच फळीवर झोपली होती.

आई गेल्यापासून तिचं काही खरं नव्हतं. पहाटे जाग यायची आणि उठवत नसे. मग उरलेला भात, मग पाव, मग पुन्हा अंथरूण. अंग सुटलं. अंग सुटलं म्हणून चर्चच्या जत्रेला जाणं टाळलं, घरी बसली, घरी बसली म्हणून खाल्लं. आणि इथली रीत अशी की रस्त्यात भेटलेला माणूस 'बरी आहेस ना' असं विचारत नाही. "अगं बाई, हर्मिनिया, काय फुगलीस गं!" असं म्हणून हसतो. त्यात वाईट हेतू नसतो, तो नमस्कारच. तिनंही आयुष्यभर लोकांना तसाच नमस्कार घातला होता. आता तो रोज दहा वेळा अंगावर यायचा आणि ती दात दाखवून हसायची.

बांतिगेला तिचा आकडा निघाला एकोणनव्वद. लोळा काढल्यावर एकोणऐंशी. आणि खरं सांगायचं तर लोळा बाहेर आला त्याच क्षणी तिला वास ओळखू आला होता. तीस वर्षं कोंबड्या सोललेल्या बाईला कोंबडीच्या चरबीचा वास कळणार नाही? कळला. पण दहा किलो कमी झाल्याचा आनंद एवढा होता की तिने नाक मिटून घेतलं. दवाखान्यातल्या काट्याने दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी दाखवले, तर ही शहाणी म्हणाली, सरकारी काटा, बिघडला असेल, पाच किलो जास्तच दाखवतोय!

एवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण तिने तेओदुलोला पाठवलं.

तेओदुलो तिचा धाकटा भाऊ. पाडेली, नारळ पाडणारा. दिवसाला चाळीस माड चढायचा. बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली तेव्हापासून तो वाळत चालला होता. जेवण नाही, बोलणं नाही, संध्याकाळी नुसती माडी. आणि गाव काय म्हणत होतं? "वा रे तेओदुलो, कसा काटक झालास! पोट म्हणून नाही!" जाड बाईला टोमणा आणि वाळलेल्या पुरुषाला शाबासकी! एकदाच, तेही माडीच्या भरात, तो बहिणीला म्हणाला होता, "मानाय, वर गेलो ना की कधीकधी हात सोडून द्यावेसे वाटतात." त्या दिवशी ती त्याला ओढत तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात तो थोडा जेवू लागला, एकदा तर शीळ घालताना दिसला.

आणि मग बांतिगेहून नाचत आलेली बहीण म्हणाली, "तूही जा की. काय बिघडतंय?"

तो गेला. ब्रदरने त्याच्या पाठीत 'चरबी पेरली'. काटा त्रेचाळीसवरून एकोणपन्नासवर. "मात्र गोळ्या बंद," ब्रदर म्हणाला, "औषधाने पेरलेलं कुजतं." तेओदुलोने गोळ्या ओढ्यात फेकल्या.

परवा, गुरुवारी, हर्मिनियाने त्याला सहज दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस. ती स्टुलावर बसून विचार करू लागली. हा काटा मला ब्रदरपेक्षा पाच किलो जास्त दाखवतो. आणि त्याला पाच किलो कमी? बिघडलेला काटा सगळ्यांना एकाच बाजूला फसवतो. बायकांना एक न्याय आणि पुरुषांना दुसरा, असं लोखंडाला कुठून कळणार? लोखंडाला नाही कळत. काटा चालवणाऱ्याला कळतं.

"गोळ्या आणू रे पुन्हा?" तिने विचारलं होतं.

"तूच म्हणालीस ना ब्रदरकडे जा? शनिवारी दुसरी बैठक आहे," तो म्हणाला होता. लबाडी उघडी करायची तर स्वतःचंही सांगावं लागणार होतं. दोन दिवस ती गप्प राहिली. दोन दिवस तो माड चढला.

"आता पुरुष!" ब्रदर गरजला. "तेओदुलो, ये बाळा!"

तेओदुलो उठला. बनियन खांद्यावरून घसरत होतं, गळ्याखालची हाडं लांबूनही मोजता आली असती. तो काट्याकडे निघाला आणि हर्मिनियाचे पाय आपोआप चालू लागले.

"थांबा," ती म्हणाली. आवाज चिरकला. "ब्रदर, आधी काटा तपासू."

"काटा?" ब्रदर गोड हसला. "मानाय, काट्यावर संशय म्हणजे देवावर संशय."

"खोबरं विकताना व्यापाऱ्याच्या काट्यावर आपण आधी काय ठेवतो?" ती लोकांकडे वळली. "तांदळाचं शिलाई न उसवलेलं पोतं. पन्नास किलोचं. पन्नास दाखवलं तरच खोबरं चढतं. मग आज कुणीच का नाही आणलं?"

ब्रदर तयारच होता. "तांदळाला आत्मा असतो का हो? हा काटा दुःख तोलतो!"

हशा पिकला. पुढच्या रांगेतली एक बाई उसळून म्हणाली, "जळते मेली! आधी स्वतःकडे बघ की, हर्मिनिया! दवाखान्यातलं तुझं औषध तुलाच लागू पडेना वाटतं!"

पुन्हा हशा. हर्मिनियाला वाटलं, धरणी दुभंगावी. पळून जावं, दार लावून घ्यावं, पातेल्यातला भात संपवावा. पण तेओदुलो काट्यापाशी उभा होता आणि तिच्याकडे पाहत होता.

"बघितलं मी स्वतःकडे," ती म्हणाली. "बांतिगेला. याच फळीवर. डोक्यावर रुमाल घेऊन गेले होते, तुम्हाला कळू नये म्हणून. माझेही दहा किलो गेले. त्या लोळ्याला कोंबडीचा वास येत होता आणि तो मला आला होता. तरी मी गप्प बसले, कारण मला आकडा हवा होता! आणि मग माझ्या भावाला मीच पाठवलं. आरोग्यसेविकेने! त्याची औषधं माझ्यामुळे बंद झाली. लाज वाटते मला. तुम्हाला हसायचंय तर हसा, पण पोतं आणा."

कुणी हसलं नाही.

मग मानोय उर्बानो, सगळ्यांचा दादा, उठला. गावातला सगळ्यात जुना पाडेली, व्यापाऱ्यांशी भांडण्यात उभी हयात घालवलेला. तो समोरच्या दुकानात गेला आणि पाठीवर पोतं टाकून आला. "बाजूला हो गं, सिस्टर," एवढंच म्हणाला आणि पोतं काट्यावर आपटलं. दांडीवरचा पांढरा, क्रूस रंगवलेला लोखंडी गोळा त्याने स्वतःच्या बोटाने सरकवला.

"त्रेपन्न," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "दुकानदाराने तीन किलो जास्त दिले? याने? मेला तरी देणार नाही!"

"सिस्टरच्या एप्रनमध्ये हात घाला, मानोय," हर्मिनिया म्हणाली. "डाव्या खिशात. मघापासून एकाच बाजूला लोंबतोय."

सिस्टर मागे सरली, पण दोन बायांनी तिला धरलं. खिशातून निघाला दुसरा गोळा. अगदी तसाच, तोच पांढरा रंग, तोच क्रूस. उर्बानोने पहिला काढला, दुसरा अडकवला, सरकवला.

"सत्तेचाळीस."

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, तांदळाचंही दुःख गेलं की!"

मैदान हसलं, पण कसनुसं. उर्बानोने दोन्ही गोळे तळहातांवर तोलले. "हा हलका, हा जड. हलका लावला की दांडी सरळ व्हायला तो लांब न्यावा लागतो, आकडा फुगतो. जड लावला की अलीकडेच सरळ होते, आकडा घसरतो. बाईला आधी हलका, मग जड. पुरुषाला आधी जड, मग हलका. आत्ता पुढच्या बाईसाठी हलका लावून ठेवला होता, जड लावायच्या आत हर्मिनिया आडवी आली. तिकडे पोटावर तमाशा चालला होता, आपण तो बघत होतो आणि इकडे ही गोळे बदलत होती." तो ब्रदरसमोर जाऊन उभा राहिला. "खोबऱ्याच्या व्यापाऱ्याने हे केलं असतं तर आम्ही काटा त्याच्या गळ्यात बांधला असता."

एकीने परातीतला कापसाचा बोळा उसवला. आत फुग्याच्या रबराची फुटकी पिशवी, कोंबडीचं रक्त. "कोंबडीच!" तिने हुंगून सांगितलं. ब्रदर जीपनीकडे, गावच्या प्रवासी गाडीकडे निघाला, वाटेत लोकांनी फेकलेल्या दोन-तीन टोपल्या त्याच्या पाठीत बसल्या. पोलिसांना बोलवायला माणूस गेला.

कोन्सोर्सिया मात्र फळीवर बसून होती. "म्हणजे माझं काहीच गेलं नाही?" तिने विचारलं. हर्मिनिया तिच्याशेजारी जाऊन बसली. तिने तिचा हात धरला.

तेओदुलो जवळ आला. "मला माहीत होतं, मानाय," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"वजन वाढलं नाही ते. माडावर चढणाऱ्याला स्वतःचं ओझं हातांना कळतं. पहिल्याच दिवशी कळलं. पण तू कितीतरी दिवसांनी हसत होतीस. म्हटलं, राहू दे."

हर्मिनियाला रडू फुटलं. ज्या हसण्यासाठी त्याने गोळ्या फेकल्या, ते हसणंही दोन लोखंडी गोळ्यांचं होतं! ती डोळे पुसून उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, जे दोन दिवस विचारायची हिंमत झाली नव्हती ते तिने विचारलं.

"तेओदुलो, अजून वाटतं का, वर गेल्यावर हात सोडावेसे?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळं गाव ऐकत होतं.

"हो," तो म्हणाला. "काल पण वाटलं."

ज्यांनी त्याला काटक म्हणून शाबासकी दिली होती त्यांच्या माना खाली गेल्या. उर्बानोने पुढे होऊन त्याच्या कमरेचा कोयता सोडवून घेतला. "आजपासून तू खाली," तो म्हणाला. "माझ्याबरोबर नारळ सोलायला बस. वर जायला दुसरे आहेत. आणि जेवायला माझ्याकडे."

पुढची जीपनी दुपारी एकला होती. भाऊ-बहीण तीत बसले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मन आणि वजन एकमेकांना ओढतात. मन खचलं की कुणी खात सुटतं, कुणाचं जेवण तुटतं. आणि वजन बदललं की लोक जे बोलतात त्याने मन आणखी खचतं. बाई जाड झाली की तिला हसतात, पुरुष वाळला की त्याचं कौतुक करतात. जाडजूड पुरुष तर सुखीच असणार असं धरून चालतात. त्यामुळे खरं दुखणं कुणालाच दिसत नाही. दुखणं आहे ते, पाप नाही. उपचार आहेत, पण वेळ लागतो. एका बैठकीत बरं करणारा भेटला की समजायचं, खिशात काहीतरी आहे."

वाचकहो, सिस्टरच्या खिशात फक्त एक लोखंडी गोळा होता. बाकीचं सगळं आपण पुरवलं. खोबऱ्यासाठी काटा तपासणारी, एका किलोसाठी व्यापाऱ्याशी हातघाईवर येणारी हुशार माणसं स्वतः काट्यावर चढल्यावर खाली का बघू लागली? लाजेमुळे. भोंदू देवाच्या नावावर जगत नाही, आपल्या लाजेवर जगतो. तेव्हा मान वर करा, आकडा स्वतः वाचा, प्रश्न विचारा. आणि शेजाऱ्याच्या पोटावर बोलण्याआधी त्याला झोप लागते का, जेवण जातं का, एवढं तरी विचारा.

डॉक्टरीणबाईंनी तेओदुलोचा कागद लिहून पूर्ण केला आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"टोपण नका लावू, डॉक्टर," हर्मिनिया म्हणाली. तिची मान खाली होती. तिने ती वर केली. "अजून एक कागद घ्या. वय चव्वेचाळीस. वजन चौऱ्याऐंशी. नाव हर्मिनिया."