आंबागड, गायमुख आणि नदीपलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. काळी, उंच आणि मधे दांडी असलेली. माझा रंग जागोजागी उडाला आहे, घंटी घोगरी झाली आहे आणि सीटचं कातडं दोनदा बदललं आहे. पण मी अजून चालते, आणि चालते आहे तोवर माझी हकीकत तुम्हाला सांगावी असं मनात आलं.

माझे सुटे भाग कुठल्याशा मोठ्या कारखान्यात तयार झाले, पण मला उभं केलं ते गोपीचंदनं. तुमसरच्या बाजारात त्याचं सायकलचं दुकान होतं. १९७२ सालच्या दिवाळीआधी त्यानं मला खोक्यातून काढलं, आरे ताणले आणि चाक फिरवून पाहिलं. शेजारी एक सडसडीत माणूस चाकाशी कान नेऊन उभा होता. तो जागेश्वर. धानाच्या गिरणीत फिटर होता. मागच्या चाकात एक आरा ढिला आहे, असं त्यानं न पाहताच सांगितलं. गोपीचंदनं तपासलं तर खरंच ढिला होता. त्याच संध्याकाळी मी जागेश्वरच्या घरी आले.

गिरणीत जाणं-येणं हे माझं रोजचं काम. पण जागेश्वरनं मला घेतलं होतं ते वेगळ्याच हौसेसाठी. धान कापून झालं, थंडी पडली, की तो दोन-चार दिवसांची सुट्टी काढायचा आणि उत्तरेकडच्या डोंगरांत जायचा. तुम्ही तो मुलूख पाहिला नसेल तर जरूर पाहा. आधी धानाच्या शेतांच्या सपाट बांध्या, मग मोहाची झाडं, मग हळूहळू रस्ता चढू लागतो आणि समोर आंबागडचा डोंगर उभा राहतो. त्यावर गोंड राजांच्या काळातला किल्ला. पुढं जंगलात गायमुख, तिथं डोंगरातून पाणी झरतं. आणखी पुढं बावनथडी नदी, आणि नदीपलीकडे मध्य प्रदेश. परत येताना चांदपूरचा भलामोठा तलाव.

या सगळ्या वाटा जागेश्वर एका जाड वहीत लिहून ठेवायचा. कुठं उतरून सायकल ढकलावी लागते, कुठल्या विहिरीचं पाणी गोड आहे, कुठं मुक्काम मिळतो. बाजारातले लोक हसायचे. ना देवदर्शन, ना कुणाचं लग्न, मग हा माणूस डोंगरात जातो कायले, असं विचारायचे. जागेश्वर नुसता हसून पंपानं हवा भरायला लागायचा.

त्याची बायको सत्यभामाबाई मात्र हसत नसे. ती भाकरी बांधून द्यायची आणि दारात उभी राहायची. एकदा तिनं मलेही न्या म्हटलं होतं. चढाचा रस्ता आहे, कॅरिअरवर बसून तुझे हाल होतील, असं म्हणून त्यानं विषय संपवला. तिनं पुन्हा विचारलं नाही. तो परत आला की ती मला ओल्या फडक्यानं पुसायची, आणि मडगार्डमध्ये अडकलेली लाल माती हातात घेऊन थोडा वेळ पाहायची.

सात हिवाळे असे गेले. आठव्या वर्षी जागेश्वरनं मला रस्त्याच्या कडेला सोडून ठेवलेल्या एका बैलबंडीवर नेऊन आपटलं. भर दुपारी! मला वाटलं, त्याचं लक्ष नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात तसंच झालं, मग पुन्हा झालं. समोरचं त्याला दिसायचं, बाजूचं दिसत नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, हेही सांगितलं. दोन वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळू लागलं. गिरणीचं काम सुटलं. मला मागच्या पडवीत नेऊन पोत्याखाली झाकलं गेलं.

मित्रांनो, सायकलची चालण्यानं झीज होत नाही तेवढी उभं राहिल्यानं होते. माझी चेन तांबडी झाली, टायरला चिरा गेल्या. पण माझ्यापेक्षा वाईट जागेश्वरचं झालं. तो ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसे. शेजारचा बाबूलाल विचारपूस करायला यायचा, त्याच्याशीही बोलत नसे. जेवण पुढं आलं तर जेवायचा. एके दिवशी त्यानं बाबूलालला सांगितलं की ती सायकल तू घेऊन जा. बाबूलालनं पोतं दूर केलं, तेवढ्यात सत्यभामाबाई आतून आली.

"सायकल द्याची नाई," ती म्हणाली.

"काहून?" जागेश्वरनं विचारलं. "कोण चालवन तिले?"

"मी चालवीन."

तेव्हा तिचं वय बेचाळीस होतं. मुलीचं लग्न होऊन ती मोहाडीला नांदत होती. बाबूलालनं मान खाली घातली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला गिरणीच्या पटांगणात घेऊन गेली. धान वाळवायची ती सपाट, सिमेंटची जागा. काष्ट्याच्या लुगड्यामुळं दांडीची अडचण झाली नाही, अडचण झाली ती तोल सांभाळण्याची. चार दिवस आम्ही दोघी पडत राहिलो. तिचं कोपर सोललं, माझं हँडल वाकलं. जागेश्वरचे मोठे भाऊ सेवकराम घरी येऊन बोलून गेले, या वयात हे काय, लोक काय म्हणतील. तिनं त्यांना चहा दिला आणि पाचव्या दिवशी पुन्हा मला बाहेर काढलं.

ओसरीसमोरून जाताना माझी चेन करकरली. भिंतीकडे वळलेलं तोंड फिरलं.

"चेन कोरडी हाये," जागेश्वर म्हणाला. "अशी नको नेऊ. चक्राचे दात खाऊन टाकन."

तो चाचपडत आत गेला, तेलाची कुपी घेऊन आला आणि माझ्यापाशी जमिनीवर बसला. एका हातानं पायडल फिरवत त्यानं चेनच्या एकेका कडीवर तेल सोडलं. वर्षाहून अधिक काळानं मला त्याची बोटं लागली होती. त्या दिवशी तो पटांगणात आमच्याबरोबर आला. त्यानं माझं कॅरिअर मागून धरलं आणि सत्यभामाबाई पायडल मारू लागली. मोकळ्या पटांगणात नजर गेलेला माणूस बायकोच्या सायकलीमागं धावत होता. धावता धावता कधी त्यानं हात सोडला ते तिला कळलंच नाही.

१९८४ च्या मार्गशीर्षात आम्ही निघालो. गोपीचंदनं टायर नवे घातले, सीट खाली केली. सत्यभामाबाई पुढं, जागेश्वर कॅरिअरवर, वही पिशवीत. त्या वहीतली एकच वाट अपुरी होती. आंबागडहून गायमुख, तिथून बावनथडी ओलांडून पलीकडच्या गावी आणि चांदपूरवरून परत. नदीपर्यंत जागेश्वर दोनदा गेला होता, पण दोन्ही वेळा सुट्टी संपली होती.

सुरुवातीला वाट तो सांगत होता. आता वळण येईल, आता चढ लागेल. सगळं बरोबर निघत होतं आणि त्याचा आवाज मोकळा होत चालला होता. मग एक फाटा आला. त्यानं डावीकडे म्हटलं. डावीकडे नवा कालवा खोदला होता, वाट मधेच तुटली होती. त्याला पटेना. मी सात वर्षं या रस्त्यानं गेलो आहे, असं तो चिडून बोलला आणि परत घरी चल म्हणाला. सत्यभामाबाईनं मला झाडाला टेकवलं.

"अजी, तवाचा रस्ता तुमाले ठावा हाये," ती म्हणाली. "आताचा मले दिसून राहिला. दोघांचा मिळून जाऊ ना."

मग त्यानं हातानं चाचपून कॅरिअर शोधलं.

किल्ल्यावर मी गेले नाही, सायकल पायथ्याशीच राहते. तिथं काय झालं ते मी पुढं त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं, म्हणून सांगते. पायऱ्या किती आणि दरवाजा कुठं, हे जागेश्वरनं वहीत लिहिलंच होतं. सत्यभामाबाईला एका भिंतीच्या चुन्यात बोटांच्या रेघा दिसल्या. चुना ओला असताना कुणीतरी हातानं सारवला होता. घर सारवणाऱ्या बाईला ते लगेच ओळखू आलं. तिनं नवऱ्याचा हात धरून त्या रेघांवर ठेवला. त्याची बोटं त्यात बसेनात, रेघा बारीक होत्या. बाईचा हात असावा, ती म्हणाली. सात वेळा येऊन मला हे दिसलं नव्हतं, असं जागेश्वर उतरताना पुन्हा पुन्हा म्हणत होता.

खरी परीक्षा गायमुखच्या उतारावर झाली. रस्ता दगडांचा, एका बाजूला खोल ओढा. आम्ही वेग घेतला आणि जागेश्वर एकदम म्हणाला, "थांब वो. ब्रेकची सळी सुटून राहिली."

सत्यभामाबाईला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण तिनं विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. होता तेवढा ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय जमिनीला घासत मला कडेच्या झुडपात घातलं. नट अगदी शेवटच्या आट्यावर होता. दहा हात पुढं गेलो असतो तर सळी निसटली असती.

जागेश्वरनं पिशवीतून पाना काढला. वाकून, बोटांनी एकेक जोड तपासत त्यानं ब्रेक घट्ट केला, मग मागचा, मग चाकांचे नट. काम संपल्यावर तो म्हणाला, "माह्ये हात तर शाबूत हायेत." सत्यभामाबाईनं तोंडाला पदर लावला. तिच्या तळपायांतून रक्त येत होतं, तेही तिला मागाहून कळलं.

गायमुखला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी नदी आली. पाणी गुडघाभर, स्वच्छ, तळाला वाळू. दोघांनी मला दोन्हीकडून उचललं आणि पलीकडे नेलं. त्या काठावर कुंताबाई नावाची एक म्हातारी लाखोळीची भाजी खुडत होती. तिनं दोघांना घरी नेऊन जेवू घातलं. हिंदी-मराठी मिसळून ती बोलत होती, आणि तिची लेक तुमसरजवळच्याच एका गावात दिली होती. तिच्या अंगणात, माझ्या सीटवर वही ठेवून, चौथी शिकलेल्या सत्यभामाबाईनं ती अपुरी वाट लिहून काढली. जागेश्वर सांगत होता आणि ती मधेमधे आपलंही घालत होती.

परत आल्यावर जागेश्वर गोपीचंदच्या दुकानात बसू लागला. चाक फिरवून, बोटं लावून तो दोष सांगतो आणि दुरुस्तही करतो. भंडाऱ्याची कॉलेजची पोरंपोरी त्याच्याकडून वाटा उतरवून घेतात आणि डोंगरात जातात. त्या दोघांचे, म्हणजे आम्हा तिघांचे, दौरे आजही दर हिवाळ्यात होतात. मागच्या वर्षी सेवकरामही बसनं चांदपूरला येऊन आम्हाला भेटले. भाकरी त्यांनीच आणली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पोत्याखाली उभी असेल. तिला बाहेर काढा, चेनला तेल द्या, आठवड्याला हवा पाहा. गडावर गेलात तर त्याच्या भिंतींवर आपली नावं कोरू नका, तिथं आधीच कुणाची तरी बोटं उमटलेली आहेत. आणि घरातलं कुणी माणूस भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, तर त्याला काय दुखतं एवढंच विचारून थांबू नका. कुठं जायचं राहिलं आहे, तेही विचारा.