फोरमन काशीराम

लिफ्टमध्ये बटणंच नव्हती. अनंतने तिन्ही भिंतींवरून नजर फिरवली, आरशात स्वतःचा कडक इस्त्रीचा शर्ट पाहिला, तेवढ्यात दार मिटलं आणि लिफ्ट आपली आपण वर निघाली. खालच्या वॉचमनने मजला बाहेरूनच दाबून दिला होता, हे त्याला उशिरा कळलं. छत्तीस वर्षं मशिनी हाताळलेल्या माणसाला एका लिफ्टने अडाणी ठरवलं, याचा राग एकोणतिसाव्या मजल्यापर्यंत टिकला.

दारात काशीराम उभा होता. पांढरा कुडता, नवा चष्मा.

"ये दादा. सापडलं ना?"

"न सापडायला काय झालं? आयुष्य गेलं की इथेच."

ते खरंच होतं. मुलुंडच्या ज्या जमिनीवर हा टॉवर उभा राहिला, तिथे पूर्वी गिअर बनवणारा कारखाना होता. अनंत तिथे फोरमन, काशीराम त्याचा हेल्पर. कणकवलीहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या काशीरामच्या हातात पहिला पाना अनंतनेच दिला होता. कारखाना बंद पडला, दोघं रिकामे झाले. अनंत भांडुपच्या टेकडीवर होता तिथेच राहिला. काशीरामचा सौरभ मात्र पवईच्या एका कंपनीत वर वर चढत गेला आणि त्याने नेमकं इथेच घर घेतलं. अनंतचा नितेश सौरभच्याच वर्गात होता. गणितात त्याच्या पुढे असायचा. आता तो लोकांच्या घरी एसी बसवतो.

"सौरभ नि सूनबाई जुहूला गेलेत, मित्राकडे," काशीराम म्हणाला. "मी म्हटलं, तुम्ही जा, माझा माणूस येणार आहे."

त्याने घर दाखवायला सुरुवात केली. अनंत त्याच्या मागून फिरत राहिला. एका भिंतीवर त्याने बोटाचं पेर ठोकून पाहिलं.

"पोकळ आहे रे."

"असेल. आतून वायरी नेल्यात ना."

बाथरूममध्ये शिरून अनंतने नळ पूर्ण सोडला. पाणी असं धावून आलं की त्याच्या बाहीवर शिंतोडे उडाले. तो नळ बंद करून बाहेर आला.

शेवटी काशीरामने त्याला हॉलमधल्या मोठ्या काचेपाशी नेलं. खाली सगळं मुलुंड पसरलं होतं. टॉवरमागे टॉवर, त्यांच्या गच्चीवरच्या बागा, मॉलचं चकचकीत छप्पर, निळ्या टाइल्सचे तलाव. पूर्वेला मिठागरं आणि त्यांच्यापलीकडे खाडी. मान वळवली की पश्चिमेला हिरवे डोंगर. इतक्या वरून रस्त्यांवरचा आवाज येत नव्हता. गाड्या तेल घातल्यासारख्या सरकत होत्या.

"ते बघ, भांडुप," काशीरामने बोट दाखवलं. "तुझं घर त्या टेकडीवर कुठेतरी."

टेकडीवर पत्रे होते, आणि पत्र्यांवर निळी ताडपत्री. बोटाच्या एका पेराखाली अख्खी टेकडी झाकली गेली असती. अनंतला त्यातलं आपलं छप्पर ओळखता येईना.

"आपल्या कारखान्यातलं प्रेस शॉप कुठे आलं असेल?" त्याने विचारलं.

"स्विमिंग पूलखाली."

काशीराम हसला. अनंतला ते हसू टोचलं. या माणसाला साधं मायक्रोमीटर वाचायला दोन महिने लागले होते. चहा आणताना निम्मा सांडायचा. आणि आता हा रोज सकाळी उठून, प्रेस शॉपच्या डोक्यावर उभा राहून खाडी बघतो.

चहा झाल्यावर काशीराम म्हणाला, "चल, खाली बागेत जाऊ. माझं मित्रमंडळ असतं पाच वाजता."

बागेत छत्रीखाली चार-पाच म्हातारे बसले होते. पायात पांढरे बूट, हातात महागडे फोन. काशीराम दिसताच एकाने खुर्ची पुढे सरकवली. हे चंद्रप्रकाश; बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले.

"या फोरमनसाहेब!" ते म्हणाले.

अनंत वळलाच. मग त्याच्या लक्षात आलं, हाक त्याला नव्हती.

काशीराम खुर्चीच्या काठावर टेकला. "हा अनंत. आमच्या कारखान्यातला," तो भरभर म्हणाला. दादा म्हणाला नाही.

"म्हणजे तुम्ही होता त्या आगीच्या वेळी?" चंद्रप्रकाश पुढे झुकले. "तेलाची टाकी पेटली आणि साहेब ओलं गोणपाट गुंडाळून आत शिरले. सगळे बाहेर पळत होते आणि यांनी व्हॉल्व्ह बंद केला! आमच्या नातवंडांनासुद्धा पाठ झालंय. खरंच तसं झालं होतं? तुम्ही स्वतः पाहिलं?"

सगळे अनंतकडे बघू लागले.

काशीराम बघत नव्हता. तो खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता. नीटच असलेला पट्टा त्याने सोडला आणि पुन्हा लावला. त्याची मान लाल झाली होती.

आग लागली त्या दिवशी काशीराम गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे सापडला होता; रडत. अनंतचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. आता एक वाक्य पुरलं असतं. हा सगळा टॉवर, त्यातला नळ, ती काच, सगळं त्या एका वाक्याने खाली आणता आलं असतं. ते वाक्य अनंतच्या जिभेवर आलं, आणि त्याची चव चांगली होती.

मग त्याने शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली आणि बटण लावलं.

"पाहिलं ना," तो म्हणाला. "मी यांच्या हाताखाली होतो. हेल्पर. मी पळालो बाहेर. रस्त्याच्या पलीकडे जाऊन रडत बसलो."

"अरे! मग?"

"मग काय? हे बाहेर आले तेव्हा गोणपाटातून वाफ निघत होती. बोलले काही नाहीत. पाणी मागितलं फक्त."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. चंद्रप्रकाशांनी काशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली काशीराम अंग चोरून बसला होता.

सहाच्या सुमारास काशीराम त्याला सोडायला गेटपर्यंत आला. गेटबाहेर रिक्षा उभी होती. अनंतने हात केला, तेव्हा काशीराम गावाकडच्या बोलीत पुटपुटला, "कित्या तसा सांगितलंस?"

"मगे काय सांगूचा होता?"

काशीरामने चष्मा काढला, कुडत्याला पुसला, परत घातला. "हय सगळे मोठे लोक. सुरवातीक कोण माझ्याशी बोलतच नव्हते. मी काय सांगतलंय असतंय, चहा आणी होतंय म्हणून?"

 रिक्षात चढायला अनंतने एक पाय वर ठेवला होता, तो परत खाली घेतला.

"आता तू परत येवचस नाय," काशीराम म्हणाला.

"पुढच्या रविवारी बोलावलंय मला त्या बँकवाल्याने." अनंतने रिक्षावाल्याला जा म्हणून खूण केली. "आणखी काय काय सांगितलंयस त्यांना? आधी सांगून ठेव. मला ठाऊक असायला हवं."

काशीराम जमिनीकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात, एकेक करून, तो सांगू लागला.