वरीलप्रमाणे

कापडगिरणीत तिला सगळे ‘भिंगवाली’ म्हणत. बावीस वर्षं ती भिंग लावून कापडाच्या ठाणांतले दोष शोधत होती. पहिल्या तपासनिसाने चिठ्ठीवर काही लिहिलं, की बाकीचे ठाण न उलगडताच खाली ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळे होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवखी असताना तिनेही एकदा तेच केलं आणि चाळीस ठाणं परत आली. तेव्हापासून त्या शब्दाचा तिला तिटकारा होता.

म्हणूनच धाकट्या भावाची फाइल वाचताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ गाड्या दुरुस्त करणारा, छत्तिशीतला. यकृतात नऊ गाठी निघाल्या. पहिल्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘दुसरीकडून पसरलेला कर्करोग’. मग ते ‘दुसरीकडे’ शोधायला जठर पाहिलं, आतडी पाहिली, फुप्फुसं पाहिली. कुठे काही नाही! तरी पुढच्या तिघांनी त्याच वाक्याची री ओढली. शेवटचे म्हणाले, “घरी न्या. आवडीचं खाऊ घाला.”

“चोराचं घर सापडत नाही, मग तो बाहेरचा कशावरून?” तिने विचारलं.

“बाई, गाठीचा तुकडा तपासलाय. कर्करोगाच्याच पेशी आहेत.”

“कुठल्या पेशी?”

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. माणूस मरणाच्या दारात समोर बसलाय, आणि यांना घड्याळ!

“ताई, जाऊ दे ना,” भाऊ पुटपुटला. “मोठी माणसं आहेत ती.”

“असतील त्यांच्या घरी.”

तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, हे तिने प्रयोगशाळेच्या खिडकीवर विचारून घेतलं. दोन दिवस तिथे ठाण मांडून बसली, तेव्हा ठोकळा हातात पडला. तो घेऊन तिने दुसरं इस्पितळ गाठलं. तिथल्या तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या होत्या. फाइल पुढे करताच त्यांनी हात आडवा केला.

“ती नको. आधी वाचलं की डोळ्यांना तेच दिसतं.”

भिंगवालीला त्या बाई तिथेच आवडल्या.

वेगळे रंग लावून त्यांनी पाचव्या दिवशी सांगितलं, “या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आहेत. गाठी यकृतातच उगवल्यात. कर्करोगच आहे, पण फार दुर्मिळ आणि सहसा संथ. यकृत बदलता येईल.”

बहिणीचं रक्त जुळलं, सगळ्या तपासण्या पार पडल्या. अर्धं यकृत ती देणार होती. राहिली होती अवयवदान समितीची मंजुरी. कारकुनाने अर्ज भरून पुढे सरकवला, “इथे सही करा.”

तिने पर्समधून भिंग काढलं. निदानाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘दुसरीकडून पसरलेला कर्करोग’.

“हे कुठून आणलंत?”

“जुन्या फाइलवरून. वरचंच खाली उतरवलं.”

“पसरलेला कर्करोग असेल तर समिती यकृत बदलू देते?”

“नाही देत.”

“म्हणजे तुमच्या एका ओळीने माझा भाऊ मेला असता!” तिचा आवाज चढला. नवा अहवाल तिने टेबलावर आपटला. “दुसरा अर्ज घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा.”

“बाई, मागे रांग आहे.”

“असू दे. यकृत माझं जाणार आहे.”

त्याने मुकाट्याने लिहिलं. तिने अक्षर न् अक्षर तपासलं आणि सही केली. भाऊ खाली मान घालून रडत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण राग काही उतरेना. आवडीचं खायला घरी पाठवलेल्या किती जणांना भिंगवाली बहीण नव्हती?

ती रांगेकडे वळली. मागच्याच बाईच्या छातीशी तसलीच जाडजूड फाइल होती.

“तुमची कुणी उघडून पाहिली का हो?” तिने विचारलं.