गवतावरचा वाकडा माग

मी एक जुनी ढकलगाडी आहे, मित्रांनो. मला चाकं नाहीत. लोखंडाच्या दोन पट्ट्यांवर मी गवतातून घसरते. पुढे दोन जाड गाद्या आहेत, मागे कोचला उभं राहायला फळकूट. सरावात मुलांनी खांदा लावून मला रेटायचं आणि वरून कोचच्या शिव्या खायच्या, यातच माझा जन्म गेला. टेक्सासमधल्या या शाळेसाठी गावच्या वेल्डरने मला घडवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "ही सरळच जाणार. वाकडी गेली, तर ढकलणाऱ्याला विचारा." या वाक्याचा मला फार गर्व होता.

आमच्याकडचा फुटबॉल पायाने नाही, हाताने फेकून खेळतात. शुक्रवारी त्याचा सामना असला की दुकानं लवकर बंद होतात आणि सारं गाव एकाच मुलाकडे बघतं. तो म्हणजे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे पाच धटिंगण फळी धरून उभे असतात, त्यांच्याकडे त्यांच्या आया सोडून कुणी बघत नाही. फळीने समोरच्यांना दोन श्वास थोपवून धरलं तर फेकणारा देव, नाहीतर गाढव. उजव्या हाताने फेकणाऱ्याला डावीकडून पाठीवर येणारा दिसत नाही. तिथे फळीच्या डाव्या टोकाचा भिडूच त्याचे डोळे.

त्या वर्षी फेकायला एफ्राईन ओचोआ होता आणि डाव्या टोकाला त्याचा जिवलग मित्र वेंडल प्रस्ट. एका सामन्यात वेंडलचा डावा खांदा दुखावला. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर जागा दहावीतल्या डुएनला गेली असती, आणि कॉलेजच्या संघांसाठी खेळाडू निवडणारी माणसं तर वेंडललाच बघायला येणार होती. पण माझ्या डाव्या गादीला कळलं. पूर्वी तिथे धडक बसायची, आता नुसता हात ठेवल्यासारखं वाटायचं. उजव्या गादीवर फळीतलाच टायरेल जीव खाऊन रेटायचा, आणि मी डावीकडे वळायची. गवतावर विळ्यासारखा माग उमटायचा.

हॅडॉक कोचने तो पाहिला. "म्हातारीची पट्टी वाकलीय," तो म्हणाला. "टाका भंगारात."

वेंडल बाजूलाच होता. मान खाली घालून तो बांधलेलीच नाडी पुन्हा बांधत राहिला.

भंगारवाला येईपर्यंत मला कुंपणाशी टाकलं. तिथून सामने दिसायचे. एफ्राईन घाईने फेकायचा, चेंडू भलत्याच्या हाती जायचा, नाहीतर तोच मागून आडवा व्हायचा. दोन गृहस्थ माझ्यावर कोपरं टेकून नाचो खात होते.

"पोरगं स्वतःच्या सावलीला भितंय की काय? माझी सासू बरं फेकते!"

"तुझी सासू ताटं फेकते, लेका. आणि तिचा नेम चुकत नाही."

उत्तर त्यांच्या कोपराखालीच पडलं होतं. मला तोंड नव्हतं.

सोमवारी सरावानंतर दोघे मित्र माझ्यावर येऊन बसले.

"कोचने मला बसवलं," एफ्राईन म्हणाला. "शुक्रवारी दुसरा फेकणार."

वेंडलने डावा खांदा चोळला. "माझ्या खांद्याचं तुला माहीत होतं?"

"तीन आठवडे झाले, तुझ्या बाजूने घुसणारे माझ्या बरगड्या मोजतायत. माहीत नसेल कसं?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"ते तू सांगायचं होतंस."

वेंडलचे कान लालभडक झाले. एफ्राईनने चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं. तो उठला आणि कोचला घेऊन आला.

"कोच, हिला बाहेर काढा. डुएन आणि टायरेल रेटतील. तुम्ही वर उभे राहा."

मी ताणलेल्या दोरीसारखी सरळ गेले. मग डुएनला बाजूला करून वेंडलने डावा खांदा लावला आणि पूर्ण जोराने धडक मारली. तो असा किंचाळला की टायरेलने गादी सोडली.

"पट्टी ठीक आहे, कोच," तो गुडघ्यांवर बसून म्हणाला. "मीच लपवत होतो."

कोचने टोपी काढली. "गाडी भंगारात टाकली, पोराला बाकावर बसवलं," तो पुटपुटला. "तुला मात्र विचारलंच नाही." एफ्राईनकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

शुक्रवारी एफ्राईनच फेकायला उभा होता. डावीकडे डुएन भिंतीसारखा होता. ते नाचोवाले गृहस्थ "मी म्हणालोच होतो!" असं एकमेकांना सांगत होते. वेंडल हात गळ्यात बांधून बाकावर बसला होता. कॉलेजच्या माणसांनी त्याची चौकशी केली नाही.

मित्रांनो, वेल्डरचं वाक्य खरं ठरलं, पण आता मला त्याचा गर्व वाटत नाही. माझा सरळपणा सिद्ध व्हायला एका पोराला किंचाळावं लागलं, याची शरम वाटते. फेकणाऱ्याला टाळी किंवा शिवी देण्याआधी त्याच्यासाठी रेटणाऱ्याचा खांदा बघत जा. आणि एक विनंती आहे. माझ्या डाव्या गादीत पावसाचं पाणी मुरतं, तेवढी झाकून ठेवा. वेंडल बरा होऊन आला, तर ती कोरडी असावी.