आनाआईची खसखशीची चक्की

मित्रांनो, मला पाहून बहुतेक जण विचारतात, "ही कॉफीची चक्की का?" नाही. मी खसखस दळायची जुनी लोखंडी चक्की आहे. वर पसरट नरसाळे, पोटात दातेरी चकत्या, बाजूला लाकडी मुठीचा दांडा आणि टेबलाच्या कडेला आवळून बसवण्यासाठी खाली एक स्क्रू. सध्या मी जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, एका मराठी सुनेच्या स्वयंपाकघरात राहते.

माझा जन्म मात्र स्लोव्हाकियातला. लोखंडाचा लालभडक रस साच्यात ओतला गेला आणि मी घडले. ताट्रा पर्वताच्या पायथ्याशी एका खेड्यात, आना नावाच्या मुलीच्या घरी मी आले. तिकडची खसखस काळी-निळी असते आणि तिच्यावाचून सण होत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी पिठाच्या छोट्या गोळ्या भाजून त्यांवर दळलेली खसखस आणि मध घालतात. त्या दिवशी शेजारीपाजारी वाट्या घेऊन माझ्यापुढे रांग लावत. माझा दांडा फिरवायला मुलांची भांडणे होत. काय तो माझा रुबाब!

१९६८ साली देशात सोव्हिएत फौजांचे रणगाडे शिरले. आना तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, श्तेफानने, देश सोडायचे ठरवले. निघताना आईने तिच्या पिशवीत, कपड्यांच्या मधोमध मला खुपसले.

"अगं, एवढं जड कशाला?" आनाचे वडील म्हणाले.

"जड आहे म्हणूनच. हलकं काही दिलं तर विसरेल ती."

श्टुटगार्टला श्तेफानला कारखान्यात काम मिळाले. मुलगा झाला, टोमास. पण सीमा बंद होती. आई-वडील गेले तेव्हाही आनाला जाता आले नाही. पुढे सीमा उघडली, तोवर श्तेफान आजारी पडला आणि काही वर्षांनी तोही गेला. गावात आता फक्त लांबचे नातेवाईक उरले होते. "मला कोण ओळखणार? आणि माझी भाषाही गंजली," असे म्हणून आनाने तो विषयच सोडला. मलाही केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, नेऊन ठेवले. तिथे जुन्या सायकलींचे टायर होते आणि मी होते. खरे सांगते, भाषेच्या आधी मीच गंजले.

मग घरात मीनल आली. पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी, टोमासची बायको. जर्मनीत सून सासूला सरळ नावाने हाक मारते. ते काही मीनलच्या जिभेला जमेना. शेवटी तिने 'आनाआई' असे नाव स्वतःच तयार केले. ते इतके गोड आहे की मीसुद्धा आता त्यांना आनाआईच म्हणते.

गुडघे दुखू लागले तेव्हा आनाआई मुलाकडे राहायला आल्या. त्यांचे केलर रिकामे करताना मी सापडले.

"हे श्पेरम्युलमध्ये जाऊ दे," टोमास म्हणाला. श्पेरम्युल म्हणजे रस्त्याकडेला ठेवायचे अडगळीचे सामान. नंतर एक मोठा ट्रक येतो आणि सगळे चिरडून नेतो. झाले, आता संपले माझे!

"थांब रे," मीनल म्हणाली. "आधी हे आहे काय, ते तरी आईंना विचारू."

आनाआईंनी सांगताच ती ओरडलीच, "खसखस? अहो आनाआई, आमच्या करंजीच्या सारणात खसखस लागते! मिक्सरमध्ये घातली तर नुसती गरगर फिरते आणि जशीच्या तशी बाहेर येते." बाकी सगळे ती जर्मनमध्ये बोलली, पण 'अहो' मात्र अस्सल पुण्याचे होते.

तिने दात घासायच्या ब्रशने माझा गंज काढला, तेल दिले. नऊ वर्षांच्या अन्वीने दांडा फिरवला. ही मीनलची मुलगी. तिला मराठी समजते, पण उत्तर देते जर्मनमध्ये. दळता दळता तिने विचारले, "ओमा, आपण तुझ्या गावाला का जात नाही?" ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी.

"तिथं आता माझं कोणी नाही गं."

"कोणी नाही, की तुला माहीत नाही?"

आनाआईंनी वाटीतली उरलेली खसखस नरसाळ्यात ओतली. मीनलने मात्र दुसऱ्याच दिवशी त्या गावच्या पंचायतीला फोन लावला. तिकडच्या बाईंना मोडकेतोडके जर्मन येत होते. त्या गावात अजूनही खांबांवर कर्णे आहेत. कुणाचे लग्न ठरले, कोंबड्या विकायला आल्या, असल्या बातम्या त्यांवरून सांगतात. त्या दिवशी पुकारा झाला, "अडुसष्ट साली गेलेली आना जर्मनीत आहे. तिचं कुणी असेल तर ऑफिसात यावं."

आमच्याकडे दुपारचा चहा उकळत होता तोच फोन वाजला. आनाआईंच्या आईच्या चुलतभावाचा मुलगा, यान. "आना! चक्कीचा दांडा तुझ्या हातून ओढून घ्यायचो, तो यान बोलतोय! ये ना गावाला, सगळे वाट बघतील!"

आनाआईंनी दोन शब्द उच्चारले आणि अडल्या. पुढचे शब्दच सापडेनात. फोन टोमासच्या हातात देऊन त्या खुर्चीत बसल्या. "पाहिलंत ना? मी येणार नाही. सगळ्यांसमोर तोंड उघडलं आणि भाषाच आली नाही तर?"

मीनल त्यांच्या शेजारी बसली. "मी इथं नवीन होते तेव्हा बेकरीत काहीतरी भलतंच बोलायचे. बायका हसायच्या. पण ब्रेझेल मिळायचंच ना?" ब्रेझेल म्हणजे गाठ मारल्यासारखा वळवलेला खारा पाव.

आनाआईंना हसू आले. "ते तर अजूनही चुकतेस."

"जा, गेनाऊ!" म्हणजे हो, अगदी बरोबर. "चुकते आणि खाते."

ऑगस्टमध्ये आम्ही गाडीने निघालो. मीनलच्या सुती ओढणीत गुंडाळलेली मी अन्वीच्या मांडीवर होते. व्हिएन्ना मागे पडले तेव्हा आनाआईंनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. बराच वेळ गेला. मग त्यांनी हळूच विचारले, "सीमा कधी येणार?"

"आई, ती केव्हाच मागे गेली," टोमास म्हणाला.

यानच्या अंगणात सगळे नातलग जमले होते. आनाआई गाडीतून उतरल्या. यानची नात ल्युबित्सा बटाटे सोलत बसली होती. काहीतरी बोलायचे म्हणून आनाआई तिला म्हणाल्या, "ग्रुले सोलतेस का? आण इकडे, मी सोलते."

सगळी तरुण मंडळी खो खो हसली. आनाआईंचा चेहरा पडला. पण ल्युबित्सा धावत आली आणि तिने ओल्या हातांनीच त्यांना मिठी मारली. "अहो, बटाट्यांना ग्रुले आमची पणजी म्हणायची! ती गेल्यापासून हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता."

यान डोळे पुसत होता. "बोल, आना. काहीही बोल. माझी आईच बोलतेय असं वाटतं."

मग काय! आनाआई बोलत सुटल्या. अडल्या, चुकल्या, पुन्हा बोलल्या. पन्नासहून जास्त वर्षे परदेशात राहून जी भाषा त्यांना गंजकी वाटत होती, ती गावातून नाहीशी झालेली जुनी बोली होती आणि ती ऐकायला म्हातारे-तरुण सगळे दाटीवाटीने बसले होते. मला टेबलाला आवळले. शेतातली नवी खसखस माझ्या पोटात पडली. मीनलने करंज्या करायला घेतल्या, तर कडा दाबायला कोणालाच शिकवावे लागले नाही. तिथल्या बायका तश्शाच आकाराचे, सारण भरलेले पिरोही करतात! अन्वीच्या गालांना काळी खसखस लागली होती आणि ती नव्या भावंडांबरोबर कोणत्या भाषेत बोलत होती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

निघताना यानने माझ्यावरून हात फिरवला. "हिला इथंच ठेवतेस का?"

"नाही," आनाआई म्हणाल्या. "घरी करंज्यांना लागते ती. खायला दिवाळीत तूच ये."

आणि खरेच, दिवाळीला यान आणि ल्युबित्सा रेल्वेने श्टुटगार्टला आले. फराळ चालू असताना अन्वीने एकदम विचारले, तेही मराठीत, "आई, तुझ्या आजीचा पण असा शब्द आहे? आता कोण बोलत नाही, असा?"

मीनलने हातातली करंजी ताटलीत ठेवली. तिने खूप आठवून पाहिले. "फडताळ," ती म्हणाली. "ती कपाटाला फडताळ म्हणायची."

"फड-ताळ," अन्वी म्हणाली. मग आनाआई म्हणाल्या, यान म्हणाला, ल्युबित्सा म्हणाली. कोणालाच धड जमले नाही आणि सगळे हसून हसून बेजार झाले.

मित्रांनो, मला पाण्यात भिजत ठेवू नका. काम झाले की कोरड्या फडक्याने पुसा, थेंबभर तेल द्या. आणि घरातले म्हातारे माणूस एखादा जुना शब्द बोलले, तर तो पुन्हा म्हणायला सांगा. मी इतकी वर्षे तळघरात पडून राहिले, ती कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. 'आता काय उपयोग' असे सगळ्यांना वाटले, एवढेच. तुम्हालाही कधी तसे वाटेल. तेव्हा टाकून देण्याआधी एकदा दांडा फिरवून पाहा.